कोगनोळी नाक्याअलीकडचे समीक्षक

12 सप्टेंबर 2025 च्या शुक्रवारी सीमाभागातल्या सिनेमावाल्या मंडळींना दोन्ही राज्यांनी एकदम खूश केलं. महाराष्ट्राकडून दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ आला, आणि बेंगळुरूहून कर्नाटक सरकारची अधिसूचना आली की सिनेमाचं तिकीट 200 रुपयांच्या वर जाता कामा नये, कर वेगळा. मराठी सिनेमा आणि कर्नाटकी दर असा योग 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून पहिल्यांदाच जुळून आलाय, असं टिळकवाडीतल्या एका कट्ट्यावर जाहीरही झालं. 23 सप्टेंबरला उच्च न्यायालयानं त्या अधिसूचनेला अंतरिम स्थगिती दिली. कट्ट्यावर कुणाला आश्चर्य वाटलं नाही. इथल्या माणसाच्या लेखी ‘मॅटर कोर्टात हाय’ ही कुठल्याही गोष्टीची नैसर्गिक अवस्था असते.

पुण्या-मुंबईच्या समीक्षकाचं काम तसं सोपं. सिनेमा बघायचा, तारे वाटायचे, घरी जायचं. बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या हौशी समीक्षकाला मराठी, कन्नड, हिंदी आणि डब केलेला तेलुगू अशा चार आघाड्या सांभाळाव्या लागतात. शिवाय त्याला मत कुणी विचारत नाही. न विचारता द्यायचं असल्यामुळे ते तो जरा मोठ्यानं देतो. चित्रा, प्रकाश, ग्लोब, निर्मल या थेटरांच्या फाटकाबाहेर अशी मतं पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली. आता ती मल्टिप्लेक्सच्या सरकत्या जिन्यावर होतात. जिना खाली पोचेपर्यंतच वेळ असल्यानं निकाल आणखी आखूड झालेत. ‘डोकं उठलं’ म्हणजे सिनेमा पडला. ‘बरा हाय की’ म्हणजे उत्तम. ‘येकदा बघायला हरकत न्हाई’ म्हणणारा स्वतः दोनदा बघून आलेला असतो. आणि ‘पैसा वसूल’ हा शेवटचा किताब. तो मिळाल्यावर राष्ट्रीय पारितोषिक मिळालं काय न मिळालं काय, सारखंच.

या रोखठोकपणाला साहित्यात जागा मिळाली ती पु. ल. देशपांड्यांमुळे. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात ते शिकवत होते. इथल्या मुक्कामात त्यांना लाभलेले कृष्णराव हरिहर पुढे ‘गणगोत’मध्ये ‘रावसाहेब’ म्हणून अवतरले. गाणं असो की नाटक, रावसाहेबांची दाद आणि शिवी एकाच श्वासात यायची आणि दोन्हींना कानडी हेल असायचा. त्यांचे वारस आज गल्लोगल्ली आहेत. फरक इतकाच, की ते आपली मतं शिव्या गाळून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, कारण ग्रुपात सुना आणि व्याही दोन्ही असतात.

निपाणीकराची अडचण निराळी. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव सत्तर-पंचाहत्तर. अंतर बघितलं तर कोल्हापूरच बरं. पण मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रानं बायकांना एसटीचं अर्धं तिकीट केलं आणि त्याच वर्षी 11 जूनपासून कर्नाटकानं आपल्या बायकांना सरकारी बस फुकटच करून टाकली. दोन्ही सवलती आपापल्या हद्दीतल्या. त्यामुळे रविवारी कुठला सिनेमा बघायचा हे ठरवण्याआधी घरात दोन राज्यांच्या परिवहन धोरणांवर चर्चा होते. तंबाखूच्या वखारीतल्या दिवाणजींच्या घरी ती साधारण अशी चालते:

“कोल्हापूरला जाऊया की गं. तिथं मराठी पिक्चरचं खेळ जास्त असत्यात.”

“आणि तिकीट? बेळगावला मला फुकट हाय.”

“तुला हाय. मला कुठं हाय?”

“मग तुम्ही घरात ऱ्हावा. मी आन्‌ शेजारच्या वहिनी जाऊन येतो.”

दिवाणजी घरात राहतात. रात्री जेवताना त्यांना सिनेमाची गोष्ट मध्यंतरासकट ऐकायला मिळते आणि दुसऱ्या दिवशी वखारीत ते त्या सिनेमावर ठाम मत देतात. सिनेमा न बघितल्याची अडचण त्यांना कधी जाणवलेली नाही.

पडद्यावर कुणीही दिसो, तो आपल्यापैकी आहे का हे आधी तपासायचं, ही इथल्या समीक्षेची पहिली पायरी. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तो निघतोच. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (1936) तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस चिकोडीत जन्मले. ‘नटरंग’चे अतुल कुलकर्णी जन्मानं बेळगावचे, आणि त्यांनी कन्नड सिनेमेही केलेत. सुलोचनाबाई लाटकर तर निपाणीजवळच्या खडकलाटच्या. तिथून त्या कोल्हापूरला भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत पोचल्या, पुढे हिंदीत गेल्या आणि तिथल्या कितीतरी नायकांच्या आई झाल्या. 2023 च्या जूनमध्ये त्या गेल्या तेव्हा साऱ्या देशानं ‘पडद्यावरची आई गेली’ असं म्हटलं. खडकलाटच्या पंचक्रोशीत हिशेब वेगळा आहे. आई खडकलाटची म्हटल्यावर हिंदी सिनेमातल्या निम्म्या नायकांचं आजोळ खडकलाट झालं. ते आजोळ कुठल्या राज्यात असावं, हे मॅटर कोर्टात हाय.

रजनीकांतचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. शिवाजीराव गायकवाड, मराठी घर, जन्म बेंगळुरूचा, तिथंच बसकंडक्टर, आणि नाव-पैसा मिळवला मद्रासमध्ये. या खटल्याचा निकाल मात्र सीमाभागानं कोर्टाबाहेर लावलाय: मराठी, कन्नड आणि तमिळ लोकांनी त्याला वाटून घ्यावा, भांडू नये. बसकंडक्टर असल्यामुळे पहिला हक्क मात्र आपला, कारण बसच्या प्रश्नानं आपल्याइतकं कुणी सोसलेलं नाही.

‘छावा’ 14 फेब्रुवारी 2025 ला लागला तेव्हा या आपलेपणाची खरी परीक्षा झाली. लक्ष्मण उतेकरांच्या या हिंदी सिनेमात येसूबाई झाली होती रश्मिका मंदाना, कर्नाटकातल्या कोडगूची. ट्रेलर आल्याबरोबर तिच्या उच्चारांवर बरीच नाकं मुरडली गेली. बेळगावात त्यामानानं शांतता होती. ज्या माणसाच्या स्वतःच्या मराठीला पुण्यातल्या रिक्षावाल्यानं ‘तुम्ही कर्नाटकातले का?’ म्हणून विचारलेलं असतं, तो दुसऱ्याच्या उच्चाराला नावं ठेवायच्या आधी दोनदा विचार करतो. “सून म्हणून घरात आणली की भाषा येतीच हळूहळू,” असा शहापुरातल्या एका आजींचा अभिप्राय. त्यांच्या स्वतःच्या दोन सुना हुबळीकडच्या आहेत आणि आता त्या दोघी मराठीत भांडतात.

पुढची परीक्षा लांब नाही. ‘कांतारा’च्या रिषभ शेट्टीला छत्रपती शिवाजी महाराजांच्या भूमिकेत घेऊन एका हिंदी सिनेमाची घोषणा डिसेंबर 2024 मध्ये झाली, आणि प्रदर्शनाची तारीख तेव्हाच 21 जानेवारी 2027 अशी सांगितली गेली. बेळगावात महाराजांच्या पुतळ्यावरून काय काय होऊ शकतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या बातमीतली मौज कळेल. कन्नड संघटनेचा कार्यकर्ता आपला हिरो म्हणून पहिल्या खेळाला जाणार, मराठी युवक मंडळ महाराज म्हणून जाणार, आणि दोघं एकाच रांगेत तिकिटं काढणार. पोलीस बंदोबस्त नक्की कुणासाठी ठेवायचा, याचा विचार खात्यानं आतापासून केलेला बरा.

‘कांतारा’बद्दल इथं दुमत नाही. 2022 मधला पहिला भाग मराठी घरांतल्या माणसांनी मूळ कन्नडमध्ये बघितला. हिंदी डबिंग दोन आठवड्यांनी आलं, तोवर यांचे दोन खेळ बघून झालेले. ‘कांतारा : चॅप्टर 1’ हा 2 ऑक्टोबर 2025 ला हिंदी, तमिळ, तेलुगू, मल्याळमबरोबर बंगालीतही आला. मराठीत आला नाही. कोलकात्याच्या माणसाला भाषांतर लागतं, बेळगावच्या माणसाला लागत नाही, हे निर्मात्यानं ओळखलं असा याचा अर्थ गणपत गल्लीत लावला गेला. त्याआधी तीनच आठवडे ‘दशावतार’ लागला होता. जंगल, जमीन, देव आणि दशावतारी खेळ म्हटल्यावर त्याची ‘कांतारा’शी तुलना महाराष्ट्रभर झाली, पण ती दोन्ही मूळ भाषांतले संवाद ऐकून करण्याचा अधिकार फक्त सीमाभागाला. निकाल असा लागला की देव तिकडचा जास्त अंगात येतो आणि म्हातारा इकडचा जास्त चांगला काम करतो. प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडल्यावर ते काम केलंय, हे प्रत्येक जण दुसऱ्याला पहिल्यांदाच कळवत असल्यासारखं सांगतो.

कन्नड सिनेसृष्टीत दुसऱ्या भाषेतला सिनेमा डब करून आणायला कित्येक दशकं अघोषित बंदी होती. 2017 मध्ये ‘सत्यदेव आयपीएस’ हा डब केलेला तमिळ सिनेमा लागला आणि ती कोंडी फुटू लागली. तोवर चांगली गोष्ट कन्नडमध्ये हवी असेल तर ती पहिल्यापासून पुन्हा चित्रित करावी लागे. ‘सैराट’ 2016 चा. पुढच्याच वर्षी त्याचा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ आला आणि त्यात नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच. बेळगावच्या प्रेक्षकाला आर्चीनं वर्षभरात दोन भाषांत रडवलं. दुसऱ्या वेळी शेवट ठाऊक असूनही लोक रडले. मूळ ‘सैराट’वर एकच आक्षेप इथं अजून कायम आहे: पळून जायला हैदराबाद कशाला गाठायचं? बेळगाव जवळ होतं, भाषेची अडचण नव्हती, आणि महाराष्ट्राचे पोलीस सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर तासभर तरी अडकले असते.

पण दोन राज्यांमधली खरी देवाणघेवाण चालते संध्याकाळी सात ते साडेनऊ, टीव्हीवर. राणादा आणि पाठकबाईंची ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरकडच्या मातीतली. ती कन्नडमध्ये ‘जोडी हक्की’ झाली. सुबोध भावेंची ‘तुला पाहते रे’ कन्नडमध्ये ‘जोते जोतेयली’ म्हणून गेली आणि तिथं तिचा नायक अनिरुद्ध जतकर घराघरांत पोचला. कर्नाटकानं ही परतफेड चुकवली नाही. ‘झी कन्नड’वर जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेली ‘लक्ष्मी निवास’ त्याच वर्षी डिसेंबरात ‘झी मराठी’वर आली. पूर्वीच्या पाठकबाई, म्हणजे अक्षया देवधर, तिच्यात भावना झाल्या. म्हणजे जी नटी इकडून निर्यात झालेल्या मालिकेत होती तीच आयात झालेल्या मालिकेतही आहे. नाक्यावर इतक्या सुरळीत जाणारा माल दुसरा कुठला असेल असं वाटत नाही.

मुद्दा त्या अकरा महिन्यांच्या अंतराचा आहे. मराठी प्रेक्षकाला उद्या काय होणार ते ठाऊक नसतं. कन्नड प्रेक्षकानं ते गेल्या वर्षीच बघितलेलं असतं. त्यामुळे अनगोळ, वडगाव, शहापूर भागात ज्या मराठी घराला कन्नड शेजारीण आहे त्या घराला भविष्य कळतं. अशा एखाद्या अक्कांना एकाएकी गल्लीत मान वाढतो. हळदीकुंकवाला बोलावणं आधी त्यांना जातं. वाण हातात देताना विचारलं जातं:

“अक्का, त्यो जयंत सुधारतोय काय हो फुडं?”

अक्का कुंदा तोंडात टाकतात. तो संपेपर्यंत सगळ्या गप्प. बायकोवर चोवीस तास पाळत ठेवणाऱ्या त्या नवऱ्याचं काय होणार, हे बेळगावात या घटकेला एकट्या अक्कांना ठाऊक असतं.

“सुधारून कसं चालतंय? सुधारला तर मालिका बंद की.”

“पण जान्हवीला कळतंय ना सगळं?”

“कळतंय, कळतंय. पण लई उशिरा कळतंय. तवर तू दुसरं वाण लुटशील.”

यातून ‘बघायची की नाही’ असा नवाच पेच उभा राहिला. पुढचं कळल्यावर मालिका सोडून द्यावी, हे शहाणपण कुणाला सुचत नाही. उलट कळलेलं खरं होतंय का, हे बघायला बायका जास्त नेमानं बसतात. मराठीवाल्यांनी मध्येच कथानक बदललं की अक्कांची पत घसरते. मग त्या सांगतात, “आमच्यात असं न्हवतं. तुमच्यातल्यांनी बिघडवलं.” सीमाभागात दोन भाषांच्या लोकांमध्ये संध्याकाळी होणारा हा एकमेव गंभीर वाद, आणि त्याला अजून कुठल्या पक्षानं हात घातलेला नाही.

‘बिग बॉस’च्या बाबतीत दोन्हीकडचे एकमेकांना बरोबरीत सोडतात. मराठीच्या पाचव्या पर्वाचा विजेता सूरज चव्हाण. त्याला घेऊन केदार शिंदेंनी ‘झापुक झुपूक’ काढला. कन्नडच्या बाराव्या पर्वात ऑक्टोबर 2025 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळानं बिडदीचा स्टुडिओच सील केला. कारण प्रक्रिया न करता सोडलेलं सांडपाणी. स्पर्धकांना रात्रीत बाहेर काढावं लागलं आणि काही दिवसांत सगळं पुन्हा सुरू झालं. त्या घरातून जे बोललं जातं त्यावर इतक्या वर्षांत कुणी नोटीस काढली नव्हती, शेवटी सांडपाण्यावर निघाली. हा न्याय बेळगावकरांना पटला.

मालिकांचं जाऊ दे, खानापूरला तर अख्खी वेबसिरीज मिळाली. अब्दुल करीम तेलगी खानापूरचा. बनावट मुद्रांकांच्या त्या घोटाळ्यावर ‘स्कॅम 2003’ सप्टेंबर 2023 मध्ये सोनी लिव्हवर आली आणि गगन देव रियार या नटानं तेलगी उभा केला. देशातल्या प्रेक्षकांनी घोटाळ्याची व्याप्ती बघून तोंडात बोटं घातली. खानापुरातल्या प्रेक्षकांनी रेल्वे स्टेशन बघितलं. फळं विकणारा पोरगा गाडीत कुठल्या बाजूनं चढतो, टोपली कशी धरतो, ‘आमच्यात असं बोलत न्हाईत’ इथपर्यंत तपासणी झाली. घोटाळा केवढ्याचा, यावर फारशी चर्चा नाही. तेलगीच्या वर्गात आपला चुलता होता असं सांगणाऱ्यांची संख्या मात्र सिरीज आल्यापासून बरीच वाढली. ते सगळे खरे असतील तर तो वर्ग त्या काळातला तालुक्यातला सर्वांत मोठा वर्ग असणार.

इथं सिनेमा बघायच्या आधी बातम्या बघाव्या लागतात. 2017 मध्ये कटप्पानं बाहुबलीला का मारलं, हे जाणून घ्यायला देश थांबला होता. कर्नाटकात मात्र कटप्पा झालेले सत्यराज 2008 मध्ये कावेरीच्या वादात काय बोलले होते, याचं उत्तर आधी द्यावं लागलं. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, मग ‘बाहुबली 2’ लागला. 2025 च्या मेमध्ये कमल हासन कन्नडच्या जन्माबद्दल काही बोलले आणि जूनमध्ये त्यांचा ‘ठग लाइफ’ ठरल्या दिवशी कर्नाटकात लागलाच नाही. निपाणीच्या माणसाचा कावेरीशी संबंध इतकाच, की ती त्याच्या गावातून जात नाही. त्याची नदी वेदगंगा. तरी पंचाईत त्याचीच होते. पलीकडेही पाणी काही वेगळं नाही: डिसेंबर 2019 मध्ये कोल्हापुरात ‘अवने श्रीमन्नारायण’ या कन्नड सिनेमाचा खेळ आंदोलकांनी बंद पाडला. त्या दिवशी थेटरात बसलेल्यांपैकी बरेच जण नाक्याअलीकडून आलेले असणार, कारण कोल्हापुरात कन्नड सिनेमा आणखी कोण बघतो? आणि ‘छावा’ जोरात असतानाच बेळगावजवळ एका बसवाहकाला मारहाण झाली, भाषेवरून वाद पेटला, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस थांबल्या. फुकट, अर्धं आणि पूर्ण, अशी तिन्ही प्रकारची तिकिटं तेव्हा सारखीच निरुपयोगी ठरली.

या सगळ्यातून घरातली तरणी पोरं मोकळी आहेत, कारण ती सिनेमा मोबाइलवर बघतात आणि मान वर करतात ती चार्जर शोधायला. संध्याकाळी वडगावात किंवा निपाणीत एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर चौघं ओळीनं बसलेले दिसतात. कुणी कुणाकडे बघत नाही, पण बोलणं अखंड चालू:

“मागं हाय बे, मागं! झाडाच्या मागं!”

“यल्ली? यल्ली इद्दाने?”

“तुज्या डोक्यावर इद्दाने. पळ!”

“अरे रिवाइव्ह कर की, मी मरूलालोय!”

मराठी, कन्नड आणि खेळाची इंग्रजी एका वाक्यात नांदते आणि शत्रूला तिन्ही कळतात. भाषिक सौहार्दावर भाषण करणाऱ्या पुढाऱ्यांनी एकदा या पायरीवर येऊन बसायला हरकत नाही, फक्त सर्कल बंद व्हायच्या आत उठावं लागेल.

या खेळानं पोरांना सरकारी कारभारही शिकवला. पबजीवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली. जुलै 2021 मध्ये तो ‘बीजीएमआय’ नावानं परतला, जुलै 2022 मध्ये पुन्हा गायब झाला, मे 2023 मध्ये पुन्हा उगवला. त्याआधी 2019 मध्ये शेजारच्या गदगमधल्या एका पीयूसीच्या पोरानं अर्थशास्त्राच्या पेपरात उत्तरांऐवजी पबजी कसा खेळायचा ते लिहून दिलं होतं आणि नापास झाला होता. विषय अर्थशास्त्राचा असल्यानं त्याला दोन-चार मार्क द्यायला हवे होते, असं मत पायरीवर आजही ऐकू येतं. त्या खेळात पोरांनी बंदुकीच्या कातड्यांवर घातलेला पैसा मोजला तर मागणी, पुरवठा आणि दिवाळखोरी असे तीन धडे सहज होतात.

पैसे लावून खेळण्याची गोष्ट तर खास सीमेवरची. ऑक्टोबर 2021 मध्ये कर्नाटकानं असे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ड्रीम इलेव्हननं राज्यातला कारभार थांबवला. नेमका टी-ट्वेंटी विश्वचषक तोंडावर. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे जी टीम लावता येत नव्हती तीच टीम, तोच मोबाइल, तोच माणूस नाक्यापलीकडे कागलात गेला की चालत होता. त्या स्पर्धेत भारत उपांत्य फेरीच्या आधीच बाद झाला आणि निपाणीकरांचे पैसे वाचले. याचं श्रेय कर्नाटक सरकारला कुणी दिलं नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. मग जुलै 2025 मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा सभागृहातला मोबाइलवरच्या रमीचा व्हिडिओ गाजला. आपण आलेली जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा. महिनाअखेर त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. ऑगस्टमध्ये तर संसदेनं देशभरच पैशाचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला, आणि कागल-निपाणी एकाच कायद्याखाली आलं. एकीकरणाचा इतका जलद निकाल या भागात दुसऱ्या कुठल्या बाबतीत लागलेला नाही.

घरातल्या आजोबांना पोरांचं हे सगळं वेळ घालवणं वाटतं. पण एका बाबतीत आजोबा आणि नातू यांचं दुखणं एक आहे. नातू ‘जीटीए 6’ची वाट बघतोय. पाचवा भाग 2013 चा. सहावा आधी 2025 मध्ये येणार होता, मग 26 मे 2026 ठरलं, मग 19 नोव्हेंबर 2026. प्रत्येक नव्या तारखेला तो मित्रांना कळवतो की आता नक्की. आजोबा सर्वोच्च न्यायालयातल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याकडे डोळे लावून बसलेत, आणि तो दाखल झाला 2004 मध्ये. तारीख आली की तेही मित्रांना कळवतात की आता नक्की. नातवानं एकदा विचारलं, “आज्जा, तुमचा पहिला भाग कवा आलता?” आजोबा म्हणाले, “1956.” त्यावर नातवानं आपली तक्रार मागे घेतली.

आता थोडं कामाचं. मराठी सिनेमाला पडदा मिळण्याची रड फक्त बेळगावची नाही. जुलै 2025 मध्ये ‘सैयारा’ची लाट आली तेव्हा त्याच दिवशी लागलेल्या ‘येरे येरे पैसा 3’चे खेळ खुद्द महाराष्ट्रात कापले गेले आणि त्यावर आरडाओरड झाली. जिथं राज्य आपलं तिथं ही गत, तर जिथं ‘कांतारा’ आणि ‘पुष्पा’ दोन्ही घरचे समजले जातात तिथं काय होणार? पहिल्या आठवड्यात दिवसाचे दोन-तीन खेळ, दुसऱ्या शुक्रवारी एक, तोही सकाळी साडेनऊचा, जेव्हा दिवाणजी वखारीत आणि बाई चुलीपाशी असतात. तिसऱ्या आठवड्यात सिनेमा उतरतो आणि मग कट्ट्यावर चर्चा सुरू होते की मराठी सिनेमाला बेळगावात न्याय मिळत नाही. चर्चा करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो बघितलेला नसतो. ते ओटीटीवर यायची वाट बघत असतात.

तेव्हा ज्यांना मराठी सिनेमा पडद्यावर बघायचाय त्यांनी पहिल्या शनिवार-रविवारीच बघावा. ऑनलाइन बुकिंगवर शहर ‘बेळगावी’ नावानं शोधावं, सापडलं नाही तर ‘बेळगाव’ टाकावं. आणि निपाणीहून येणाऱ्यांनी तिकीट काढायच्या आधी परतीच्या शेवटच्या बसची वेळ कंट्रोलरला विचारून घ्यावी.